तोळ्यामागे गुंज

माझ्या लहानपणी घरातले मोडीचे दागिने घेऊन आजी सराफाकडे जाई तेव्हा मला हटकून बरोबर नेई. आणि त्या पेढीवर काचेच्या पेटीत टांगलेल्या लहानशा काट्याच्या पारड्यात सराफ चिमट्याने लालकाळ्या गुंजा एकेक करून टाकू लागला, म्हणजे मी श्वास रोखून बसत असे, कारण नुसत्या बोलण्यानेही तो काटा हलतो अशी माझी समजूत होती. एकदा जुन्या साखळ्यांची नवी साखळी करावयाची ठरली तेव्हा आजीने विचारले, “घट किती धरणार?” सराफ म्हणाला, “तोळ्यामागे गुंज, काकू.” ती गुंज जाते कोठे, असे मी विचारताच त्याने हसून पेढीच्या फरशीकडे बोट दाखविले. कानशीचा कीस, मुशीला चिकटलेला कण, झाडणीबरोबर जाणारी धूळ, असा तिचा प्रवास. आणि ती धूळ विकत घेऊन, धुऊन, गाळून त्यातले सोने पुन्हा वेगळे काढणारे झारेकरी असतात हेही त्यानेच मला सांगितले. गेलेली गुंज जगातून नाहीशी होत नाही, ती फक्त दुसऱ्याच्या हिशेबात जमा होते, एवढे ज्ञान घेऊन मी त्या दिवशी घरी आलो.

पुढे न्यायवैशेषिकांचे ग्रंथ थोडेबहुत वाचण्यात आले तेव्हा हाच काटा एका फार मोठ्या वादात उभा केलेला आढळला. कणादाच्या दर्शनाप्रमाणे परमाणू नित्य. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, आणि खिडकीतून येणाऱ्या कवडशात जे रजःकण तरंगताना दिसतात ते त्र्यणुक, म्हणजे दृष्टीस पडणाऱ्या पदार्थांतील सर्वांत लहान. परंतु महत्त्वाचा सिद्धान्त याच्या पुढचा आहे. अवयव एकत्र आले म्हणजे जो अवयवी निर्माण होतो तो अवयवांचा नुसता ढीग नसून त्यांच्याहून निराळा, नवा पदार्थ आहे, तंतूंहून पट निराळा आहे, असे नैयायिक आग्रहाने प्रतिपादीत. बौद्ध आचार्यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते पट म्हणजे तंतूंचा संघात, आणि ‘पट’ हे केवळ व्यवहाराच्या सोयीसाठी दिलेले नाव. या वादात बौद्धांनी जो आक्षेप घेतला तो मला आजही अत्यंत प्रामाणिक वाटतो: पट जर तंतूंहून निराळा पदार्थ असेल, तर त्याचे स्वतःचे वजन असले पाहिजे, मग तंतूंचे वजन अधिक पटाचे वजन असा वाढावा काट्यावर का दिसत नाही? तो वाढावा इतका अल्प असतो की काट्याला तो कळत नाही, असे एक उत्तर नैयायिकांकडून आले. बौद्धांचे समाधान त्याने झाले नाही, आणि होण्याचे कारणही नव्हते.

दोन्ही पक्षांना एक गोष्ट मात्र सारखीच गृहीत होती. अवयवी तोलला तर तो अवयवांच्या बेरजेइतका भरेल किंवा तिच्याहून अधिक भरेल. तो कमी भरेल, ही शक्यता त्या तीक्ष्ण बुद्धीच्या विद्वानांपैकी कोणाच्याही मनात आली नाही. आणि प्रत्यक्षात सृष्टीचा निकाल नेमका हाच आहे.

हा निकाल ज्या काट्यावर लागला तो केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत फ्रान्सिस ॲस्टन याने १९१९ साली उभारला. त्याला पारडी नव्हती. विद्युत्भारित अणूंचा झोत विद्युत्क्षेत्रातून आणि चुंबकीय क्षेत्रातून न्यावयाचा, जड अणू कमी वळतो आणि हलका अधिक वळतो या न्यायाने त्यांची वाटणी होऊ द्यावयाची, आणि छायाचित्राच्या काचेवर उमटलेल्या रेघांमधील अंतर मोजून प्रत्येकाचे वस्तुमान ठरवावयाचे. त्या काचेवर असे दिसून आले की हेलियमचा एक अणू हायड्रोजनच्या चार अणूंहून हलका आहे. ॲस्टनला १९२२ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अणुकेंद्रातील दुसरा घटक जो न्यूट्रॉन, तो याच प्रयोगशाळेत चॅडविकने १९३२ साली ओळखला, आणि मग या घटीचा जमाखर्च अगदी चोख मांडता येऊ लागला.

तो सराफाच्या भाषेतच सांगतो. सुटे प्रोटॉन आणि सुटे न्यूट्रॉन सारख्या संख्येने घेऊन शंभर तोळे तोलले आणि दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन याप्रमाणे त्यांची हेलियमची केंद्रे जुळविली, तर तयार माल शंभर तोळे भरत नाही. नव्याण्णव तोळे तीन मासे भरतो. नऊ माशांची घट येते. तोळ्यामागे जवळजवळ पाऊण गुंज. येथे कानस चाललेली नाही, मूस नाही, झाडणी नाही. चारही घटक जसेच्या तसे केंद्रात हजर आहेत, एकाचाही तुकडा पडलेला नाही, आणि तरीही त्यांचे एकत्र वजन त्यांच्या सुट्या वजनांच्या बेरजेहून कमी आहे. जे कमी झाले ते जुळणीच्या क्षणीच प्रकाशाच्या आणि वेगाच्या रूपाने बाहेर पडून गेलेले असते, आणि आईन्स्टाइनने १९०५ साली दिलेल्या नियमाप्रमाणे एक ग्रॅम घट म्हणजे सुमारे अडीच कोटी युनिट वीज होईल इतकी ऊर्जा, या दराने ते वसूल होते.

‘बंधनऊर्जा’ हा शब्द आपल्याकडे रूढ झाला आहे, आणि त्याने सामान्य वाचकाची फार दिशाभूल केली आहे असे माझे मत आहे. तो ऐकला की अणूच्या तळघरात कुलूप लावून ठेवलेला खजिना डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः ज्याची बंधनऊर्जा मोठी, त्याने तेवढी आधीच देऊन टाकलेली असते. ती त्याच्या शिलकेत नसून खर्चाच्या रकान्यात असते. ते केंद्र पुन्हा सुटे करावयाचे असेल तर दिलेली सर्व रक्कम, शेवटच्या दमडीपर्यंत, कोणीतरी बाहेरून आणून भरावी लागते. बंधन टिकते याचे कारण एवढेच की मोडण्यासाठी लागणारे भांडवल त्या घटकांजवळ उरलेले नसते.

हा काही अणुकेंद्राचाच खास कायदा नाही. कोळसा जळून कार्बन आणि प्राणवायू एकत्र येतात तेव्हाही वजन घटते, पण ते हजार कोटी भागांत एखाद्या भागाएवढे, आणि म्हणून कोणत्याही सराफाला, कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाला ते कधी काट्यावर दिसले नाही. फरक आपल्या काट्याला कळत नाही, हे नैयायिकांचे म्हणणे खरे होते. फक्त फरकाची दिशा त्यांनी उलट धरली होती.

आता सर्वच केंद्रांत ही घट सारखी का येत नाही, हे पाहिले म्हणजे सूर्य आणि बाँब या दोहोंचे मूळ हाती लागते. प्रोटॉन-न्यूट्रॉनांना बांधणारे बल अतिशय प्रबळ, पण त्याचा हात शेजाऱ्यापलीकडे पोचत नाही. उलट प्रोटॉनांमधील विद्युत्प्रतिकर्षण त्यामानाने दुबळे, पण ते केंद्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचते. स्नेह शेजाऱ्यापुरता आणि वैर साऱ्या गावाशी, अशी ही वस्ती आहे. गाव लहान असेपर्यंत नवा येणारा प्रत्येकजण स्नेह वाढवितो आणि घट वाढत जाते. गाव फार मोठे झाले की स्नेह होता तेवढाच राहतो आणि वैर मात्र वाढत जाते. हेलियममध्ये शंभर तोळ्यांमागे नऊ मासे असलेली घट वाढत वाढत लोखंड व निकेल यांच्यापाशी सव्वाअकरा माशांच्या घरात जाते, आणि तेथून पुढे उतरत उतरत युरेनियमपाशी पावणेदहा माशांच्या थोडी खाली येते. लोखंडाच्या अलीकडचे हलके अणू एकत्र आणले, म्हणजे संमीलन केले, तरी घट वाढते आणि ऊर्जा मिळते. पलीकडचे जड अणू फोडले, म्हणजे भंजन केले, तरीही ती मिळते. जोडणे आणि फोडणे या परस्परविरोधी वाटणाऱ्या क्रियांतून एकच फळ कसे मिळते, या कोड्याचा उलगडा एवढाच आहे की दोन्ही वाटा लोखंडाकडे जातात. मात्र दोन्हींचा भाव सारखा नाही. युरेनियमच्या भंजनात शंभर तोळ्यांमागे साधारण मासाभर घट येते. सूर्यात हायड्रोजनचे हेलियम होताना साडेआठ मासे येते.

संतवाङ्मयात लोखंडाला परीस लागतो आणि त्याचे सोने होते, आणि तो दृष्टान्त मला लहानपणापासून प्रिय आहे. पण पदार्थविज्ञानाच्या खातेवहीत सोने हे लोखंडाहून अपुऱ्या घटीचे आहे. लोखंडाचे सोने करावयाचे तर परिसाला पदरचे भरावे लागते. दृष्टान्ताला यामुळे बाध येतो असे मला वाटत नाही. कृपा पदरचेच भरत असते.

सूर्याच्या गाभ्यात हे काम ज्या सबुरीने चालते तिची कल्पना येणे कठीण आहे. दीड कोटी अंश तपमान असूनही तेथील एखाद्या प्रोटॉनला दुसऱ्याशी जुळण्यासाठी सरासरीने अब्जावधी वर्षे वाट पाहावी लागते, कारण ती जुळणी होताना दोहोंपैकी एकाने त्याच निमिषात आपले रूप पालटून न्यूट्रॉन व्हावे लागते, आणि हे क्वचित घडते. म्हणूनच घनमीटरमागे सूर्याचा गाभा जितकी उष्णता निर्माण करतो ती आपल्या शरीरातील तेवढ्याच आकारमानाच्या उष्णतेहून कमी आहे. सूर्य तेजस्वी आहे तो त्याच्या अवाढव्य आकारामुळे. दर सेकंदाला सुमारे साठ कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यात बेचाळीस लक्ष टनांची घट येते. ॲस्टनच्या रेघा पाहून, सूर्याचे तेज या घटीतूनच येत असावे, हे अनुमान १९२० साली कार्डिफ येथील आपल्या भाषणात आर्थर एडिंग्टन याने बोलून दाखविले, तेव्हा सूर्यात हे कसे घडते याची पद्धत कोणालाच माहीत नव्हती. एडिंग्टन हा धर्मनिष्ठ क्वेकर होता आणि पहिल्या महायुद्धात शस्त्र धरण्यास त्याने सदसद्विवेकबुद्धीच्या आधारावर नकार दिलेला होता. ही शक्ती माणसाच्या हाती आली तर ती कल्याणासाठी वापरली जाईल किंवा आत्मघातासाठी, हे त्याने त्याच भाषणात सांगून ठेवले.

येथवर आले की आपल्याकडचा धर्मनिष्ठ वाचक विचारतो, आणि विचारावे हे योग्यच आहे, की मग बंध वाईट कसा? आपली सारी दर्शने बंधापासून मोक्षाकडे जाणारी. संघटित तेवढे विनाशी, ही धारणा वैशेषिकांची आणि बौद्धांची, एकमेकांशी कितीही भांडले तरी, एकच; सुटे व निरवयव तेवढे नित्य, ही तिला वैशेषिकांची जोड. या धारणेपुढे मला एक वस्तुस्थिती ठेवावीशी वाटते. केंद्राच्या बाहेर सुटा पडलेला न्यूट्रॉन सरासरीने पंधरा मिनिटांच्या आत मरतो. त्याचा प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन होऊन जातो. तोच न्यूट्रॉन हेलियमच्या केंद्रात बांधला गेलेला असेल तर तो मरत नाही. आज फुग्यात भरलेल्या हेलियमपैकी बराचसा वायू कोट्यवधी वर्षांपूर्वी खडकांत निर्माण झालेला आहे, आणि त्यातले न्यूट्रॉन अद्याप न्यूट्रॉनच आहेत. न्यूट्रॉनची प्रकृती बदललेली नाही. परंतु जुळताना जी घट येऊन गेली, तिच्यामुळे मरणासाठी लागणारा खर्च आता त्याच्याजवळ नाही. सुटेपणी जे मर्त्य, ते बंधात अमर झालेले आहे.

माझ्या मते अवयवीच्या वादाचा निकाल येथे नैयायिकांच्या बाजूने झुकतो. संघात हा नुसता ढीग असता, तर ढिगातला न्यूट्रॉन ढिगाबाहेरच्या न्यूट्रॉनसारखाच पंधरा मिनिटांत संपला असता. जेथे घटकांचे आयुष्यच संपूर्णावर अवलंबून राहते तेथे संपूर्णाला निराळी सत्ता न देणे हा हट्ट होईल. पण निकाल नैयायिकांचा असला तरी पद्धत बौद्धांची होती, हेही तितक्याच मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. काट्यावर दाखवा, असे त्यांनी बजावले, आणि अखेर काट्यावरच दिसले. आमच्या पूर्वजांना अणुविज्ञान अवगत होते असे म्हणणाऱ्यांविषयी मला फार वाईट वाटते, ते याचसाठी. पूर्वजांचे खरे मोठेपण उत्तरात नव्हते, आपल्या सिद्धान्ताला काट्यावर उभे करणाऱ्या आक्षेपकाला त्यांनी सभेत मानाचे आसन दिले यात होते. आणि खोटी सनद त्यांच्या नावावर चढविल्याने नेमके तेच मोठेपण झाकले जाते.

हिरोशिमाची गोष्ट निघाली की गीतेच्या अकराव्या अध्यायाचे स्मरण करण्याचा प्रघात पडला आहे. मला मात्र त्या वेळी बर्फातला एक ओंडका आठवतो. १९३८ च्या नाताळात स्वीडनमधील कुंगेल्व या लहान गावी लीझे माइटनर ही साठ वर्षांची पदार्थवैज्ञानिक राहावयास आली होती. व्हिएन्नाच्या ज्यू घराण्यात जन्मलेली ही बाई तीस वर्षे बर्लिनमध्ये संशोधन करून, त्याच वर्षीच्या जुलैत, ओटो हान याने अडचणीला उपयोगी पडावी म्हणून दिलेली त्याच्या आईची हिऱ्याची अंगठी जवळ घेऊन जर्मनीतून निसटली होती. मागे राहिलेल्या हानचे पत्र तिला आले होते: युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला तर बेरियम मिळते, हे कसे शक्य आहे? तिचा भाचा ओटो फ्रिश, ज्याचे वडील त्या वेळी डाखाउच्या छळछावणीत होते, तिला भेटायला आला होता. तो पायांना स्की बांधून आणि ती नुसती चालत अशी दोघे बर्फातून निघाली, एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बसली, आणि खिशातल्या कागदांच्या चिठोऱ्यांवर हिशेब मांडू लागली. युरेनियमचे केंद्र थेंबासारखे लांबून दुभंगले, तर त्याचे दोन तुकडे परस्परांच्या प्रतिकर्षणाने कोणत्या ऊर्जेने उडतील? उत्तर आले वीस कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ही रक्कम येणार कोठून? माइटनरला निरनिराळ्या केंद्रांच्या घटीचे कोष्टक मुखोद्गत होते. दोन तुकड्यांचे मिळून वजन मूळ केंद्राहून एका प्रोटॉनच्या पाचव्या हिश्शाने कमी भरते असे तिने काढले, आणि आईन्स्टाइनच्या नियमाने त्याची ऊर्जा केली. तीही वीस कोटीच आली. जमा आणि खर्च जुळले. पेशीच्या विभाजनाला जीवशास्त्रज्ञ वापरीत तोच शब्द फ्रिशने या घटनेला दिला.

त्या ओंडक्यावरून उठलेल्या दोघांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. हिटलरच्या हाती हे अस्त्र आधी पडेल या रास्त भयाने फ्रिश इंग्लंडमधून लॉस अलामॉसला गेला. माइटनरलाही निमंत्रण आले, आणि बाँबशी आपल्याला काही कर्तव्य नाही असे सांगून तिने ते नाकारले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर जे फुटले त्यात सुमारे चौसष्ट किलो युरेनियम होते, त्यातले किलोभरसुद्धा पुरते भंगले नाही, आणि वस्तुमानाची प्रत्यक्ष घट आली ती एका ग्रॅमहूनही कमी. ती घट आजीच्या सराफाने सहा गुंजांनी तोलली असती.

सृष्टीत त्याग आहे असे म्हणण्याचा मोह मला या विषयात पदोपदी झाला, आणि कोणाही भाविकाला तो होईल. सूर्य स्वतःला घटवून देतो आणि आपण जगतो, हे खरेच आहे. पण विचारान्ती मला तो शब्द मागे घ्यावा लागतो. जे रोखून धरता येत नाही ते देणे हा त्याग नव्हे. प्रोटॉनला आपली पाऊण गुंज राखून ठेवण्याची मुभा नाही, म्हणून सूर्याच्या गाभ्यात पुण्य नाही आणि हिरोशिमाच्या आकाशात त्या युरेनियमचे पाप नाही. घटीचा नियम दोन्हीकडे एकच होता. नाही म्हणण्याची मुभा ओंडक्यावर बसलेल्या त्या दोघांना होती, आणि पुढे त्यांच्या कागदांवरून काम करणाऱ्या शेकडो शहाण्या माणसांना होती. धर्माचा प्रश्न तेथे सुरू होतो, आणि तो सृष्टीकडून शिकता येईल ही आशा मी सोडून दिली आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली तेव्हा तिच्या पाण्याच्या हौदात जो निळा उजेड पडला, तोही भंजनाचाच होता.

आमच्या घराच्या पूर्वेच्या खिडकीतून सकाळी जमिनीवर कवडसा पडतो आणि त्यात कणादाचे त्र्यणुक तरंगताना दिसतात. ज्या उजेडात ते दिसतात तो उजेडच केंद्रांच्या जुळणीत गेलेली घट आहे, हे मला कळू लागल्यापासून मी त्या कवडशाजवळ थोडा अधिक वेळ बसतो. सूर्याच्या पेढीवरून दर सेकंदाला उडणाऱ्या बेचाळीस लक्ष टनांपैकी पृथ्वी नावाच्या झारेकरणीच्या वाट्याला, सर्व समुद्र, सर्व अरण्ये आणि सर्व शेते मिळून, जो उजेड येतो तो वजनात दोन किलोला थोडा कमी भरतो.